नव्या घरातील पहिल्या रात्री

दिग्रसहून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांचे सासरे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे असून सासूबाईंच्या निधनानंतर फार एकाकी झाले आहेत. ओळखीच्या एका कुटुंबाची बदली झाली. नव्या गावी कुत्रा पाळणे त्यांना शक्य नव्हते, म्हणून त्यांची तीन वर्षांची पामेरियन कुत्री या घरी आली. दिवसभर ती सासऱ्यांच्या खुर्चीशी बसून असते, त्यांच्या हातून भाकरीचा तुकडा घेते, त्यांच्यामागे अंगणात हिंडते. सासरे पुन्हा बोलू लागले आहेत. रात्री मात्र ती दाराशी जाऊन रडते. दोन रात्री घरातील कोणाचाही डोळा लागला नाही. तिसऱ्या दिवशी शेजारच्या आजींनी बजावले, ‘‘घरात म्हातारं माणूस आहे, कुत्रं रडणं बरं नाही.’’ पत्राच्या शेवटी एकच प्रश्न आहे : कुत्री परत करावी का?

प्रथम शेजारच्या आजींच्या बोलण्याविषयी. कुत्र्याला यम दिसतो, म्हणून ते रडते, हा समज आपल्याकडे गावोगावी आहे. निरोगी तरुण माणूस तो हसण्यावारी नेईल. पण ज्याची जोडीदार नुकतीच गेली आहे आणि ज्याला रात्री दोन वाजता झोप नसते, अशा वृद्धाच्या कानी ते वाक्य पडले, तर प्रत्येक रडण्याबरोबर त्याचे काळीज हलते. म्हणून आपण पहिले काम हे करावे, की हा विषय ज्येष्ठांसमोर निघू देऊ नये. निघालाच, तर शांतपणे खरे कारण सांगावे. आपल्याच परंपरेचा आधार हवा असेल, तर तोही आहे. महाप्रस्थानाच्या वेळी सोबत आलेल्या कुत्र्याला मागे टाकून युधिष्ठिराने स्वर्गात जाण्याचे नाकारले आणि तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म होता, असे महाभारत सांगते. दत्तप्रभूंच्या चित्रात पायांशी चार कुत्री असतात. यवतमाळ जिल्ह्यातील कितीतरी घरांतून माहूरच्या दत्तशिखराची वारी होते, तेव्हा हे चित्र बहुतेकांच्या देवघरात असेलच. कोरडी पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव महाराज तर आपल्याला बालपणापासून परिचित आहेत. इतके दाखले दिल्यावर शेजारच्या आजी गप्प बसतील, अशी खात्री मात्र देता येत नाही.

आता खरे कारण. कुत्रा हा एकट्याने राहणारा प्राणी नव्हे. तो लांडग्याच्या कुळातला. कळपापासून दूर पडलेला लांडगा लांबलचक साद घालतो आणि कळपातील इतर त्याला उत्तर देतात. आपण ज्याला रडणे म्हणतो, ते बहुतेक वेळा ही हाकच असते. दिग्रसच्या घरी आलेल्या कुत्रीचा कळप म्हणजे तिचे जुने कुटुंब. ते कोठे गेले, हे तिला कोणी सांगितलेले नाही आणि सांगता येणारही नाही. दिवसा माणसांची वर्दळ असते, स्वयंपाकघरातून वास येतात, कोणी ना कोणी जवळ असते. रात्री दिवे मालवले जातात, प्रत्येक जण आपल्या खोलीत जातो, दारे लागतात, आणि अनोळखी वासाच्या घरात ती एकटी उरते. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या अमेरिकन संशोधकांनी कुत्र्यांच्या वर्तनाचा अनेक वर्षे अभ्यास करून १९६५ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. पिल्लू एकटे आणि अनोळखी जागी ठेवले, तर ते सर्वाधिक आकांत करते. ओळखीच्या जागी तो आकांत कमी असतो, असे त्या अभ्यासातून दिसले होते. नव्या घरातील पहिल्या रात्री एकटेपणा आणि अनोळखी जागा ही दोन्ही कारणे एकत्र येतात.

‘रडू द्या, चार दिवसांत आपोआप गप्प बसेल,’ हा सल्ला आपल्याला अनेक जण देतील. मला तो पटत नाही. ते गप्प बसते हे खरे, पण बहुधा थकून. त्या चार दिवसांत घरातील वृद्धाची झोप मोडते, रक्तदाब वाढतो, शेजाऱ्यांशी तोंडावर तोंड येते, आणि एखाद्या रात्री चिडून कोणीतरी काठी उगारतो. रात्री मार खाल्लेले कुत्रे दिवसाही हाताला बिचकते. बिचकणारे कुत्रे चावण्याची शक्यता वाढते. त्यापेक्षा एकटेपणाच काही दिवस दूर करावा. पहिल्या रात्रींत तिला माणसाच्या खोलीत, माणसाच्या श्वासाचा आवाज ऐकू येईल इतक्या जवळ झोपवावे. याने कुत्रे लाडावते, अशी शंका घेतली जाते. पण तीन वर्षे एका कुटुंबात वाढून अचानक वेगळे झालेल्या जिवाला आठवडाभर सोबत दिली, तर त्यात लाडावण्यासारखे काय आहे?

अंथरूण साधेच असावे. जुनी गोधडी चौघडी करून घालावी किंवा उथळ खोक्यात पसरावी. जुन्या घरची एखादी चादर, पोते किंवा तिच्या माणसांनी वापरलेला न धुतलेला सदरा मिळाला, तर तो अवश्य मागवून घ्यावा; नव्या अंथरुणापेक्षा तो जुना वास तिला अधिक धीर देईल. दिवे मालवण्यापूर्वी अर्धा तास ती त्या गोधडीवर बसेल असे पाहावे, म्हणजे जागा अगदी नवी वाटणार नाही. रात्री ती कण्हली, तर दिवा लावू नये, खाऊ देऊ नये, उचलून घेऊ नये. पडल्या पडल्या हात खाली सोडावा, हलक्या आवाजात एकदा नाव घ्यावे, एवढे पुरते. तरीही ती उठून दाराकडे जात असेल, तर तिला लघवीला जायचे असू शकते; पट्टा लावून शांतपणे बाहेर न्यावे, काम उरकताच परत आणून निजवावे. बाहेर गप्पा नकोत, खेळ नको. रात्री उठल्यावर करमणूक होते, असे एकदा तिला कळले, की ती रोज दोन वाजता उठवील.

पलंगावर घ्यावे का, हा प्रश्न हमखास विचारला जातो. अमेरिकेतील मेयो क्लिनिकने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या अभ्यासात चाळीस निरोगी प्रौढ आणि त्यांची कुत्री यांच्या झोपेची नोंद घेतली होती. कुत्रे खोलीत असल्याने झोपेचे फारसे बिघडले नाही. ते अंथरुणावर असले, तर माणसाची झोप अधिक मोडत होती. हा अभ्यास वृद्धांचा नव्हता, हे ध्यानात घ्यावे. तथापि ज्यांची झोप मुळात हलकी आहे, त्यांनी ‘खोलीत हो, पलंगावर नको’ हा नियम पाळावा, असे मी सुचवीन. पहिल्या रात्री दया येऊन वर घ्यायचे आणि पाचव्या रात्री खाली ढकलायचे, यासारखा गोंधळ दुसरा नाही.

येथवर कुत्रीचा विचार झाला. ज्या वृद्धाच्या सोबतीसाठी ती आली, त्याच्या रात्रीचा विचार याहून महत्त्वाचा आहे, आणि त्याकडे बहुतेक घरांत दुर्लक्ष होते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २००९ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. २००१ ते २००६ या काळात त्या देशात कुत्री आणि मांजरे यांच्यामुळे पडून दरवर्षी सरासरी ८६ हजारांहून अधिक माणसे जखमी झाली, असे त्यात म्हटले आहे. यांतील बहुसंख्य घटना कुत्र्यांमुळे घडलेल्या होत्या आणि हाड मोडण्याचे प्रमाण पंचाहत्तरी ओलांडलेल्यांत अधिक होते. आपल्या घरातील फरशी, अंधार आणि रात्रीतून दोन-तीनदा लघवीला उठणारे आजोबा डोळ्यांसमोर आणले, की आपल्याकडील चित्र वेगळे नसणार हे लक्षात येते. लहान कुत्र्याचा धोका मोठ्यापेक्षा कमी, असे मानू नये. मोठे कुत्रे अंधारात जाणवते तरी. पाच-सात किलोंचे कुत्रे पायांत येते तेव्हाच कळते. त्यातून पांढरी पामेरियन पांढऱ्या फरशीवर मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना दिसणार कशी?

म्हणून गोधडी कोठे घालायची, हे कुत्रीच्या नव्हे, तर आजोबांच्या पावलांवरून ठरवावे. बाजेवरून ते ज्या बाजूला पाय खाली टाकतात, ती बाजू आणि तेथून संडासापर्यंतची वाट पूर्ण मोकळी हवी. अंथरूण उशाकडे, उतरण्याच्या विरुद्ध बाजूला असावे. हात खाली सोडला की डोक्याला लागेल इतके जवळ, पण पावलाखाली येणार नाही इतके दूर. बाज भिंतीला लागून असेल, तर ती हातभर पुढे ओढून मागे जागा करावी. कुत्रीची साखळी किंवा पट्टा बाजेच्या पायाला कधीही बांधू नये. तो ताणला गेला, की अंधारात घोट्याच्या उंचीवर दोरी बांधल्यासारखाच असतो. पाण्याचे भांडे वाटेत नको. सांडलेले पाणी फरशीवर दिसत नाही. खोलीत मंद दिवा रात्रभर असावा आणि वीज जाते तेव्हासाठी उशाखाली टॉर्च. गळपट्टा लाल किंवा भगव्या रंगाचा ठंसठशीत घ्यावा. पोळ्याला बैलांना बांधतात त्यांतले एखादे बारीक घुंगरू पहिल्या महिन्यात तिच्या गळ्यात असले, तर ती कोठे आहे हे आजोबांना कळते. घुंगराच्या आवाजाने कधी झोप चाळवेल, हे कबूल. पण खुब्याचे हाड मोडण्यापुढे ते काहीच नाही. ज्यांना ऐकू कमी येते, त्यांच्यासाठी अर्थात घुंगरू कामाचे नाही, तेथे दिव्यावरच भिस्त ठेवावी लागेल.

आजोबांनाही एक सवय लावावी लागेल. जाग येताच झटकन उभे राहू नये. रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या काही औषधांमुळे उठताना घेरी येऊ शकते, हे आपण या सदरातून पूर्वीपासून वाचत आहात. बाजेच्या काठावर मिनिटभर बसावे, कुत्रीचे नाव घ्यावे, ती कोठून येते ते पाहावे आणि मग काठीला हात घालावा. चालताना ती पुढे असेल, तर थांबून तिला जाऊ द्यावे. वाकून उचलू नये. आठवडाभर रोज असे केले, की आजोबा उठताना आपण जागेवरच बसायचे, हे तीसुद्धा शिकू शकते. त्यासाठी दिवसा त्यांनी खुर्चीवरून उठण्यापूर्वी ‘बस’ म्हणावे आणि ती बसली, की बोटभर भाकर द्यावी. हे शिकवणे सासऱ्यांकडेच सोपवावे. दिवसभराला एक काम मिळते.

काही घरांत कुत्रे वृद्धाच्या खोलीत नकोच. खुब्याची किंवा गुडघ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झालेली असेल, पायावर जखम असेल, झोपेच्या गोळ्या चालू असतील, रात्री भान हरपून उठण्याचा विस्मरणाचा आजार असेल किंवा कर्करोगाच्या उपचारांमुळे प्रतिकारशक्ती उतरलेली असेल, तर तिची गोधडी सेवा करणाऱ्याच्या खोलीत घालावी. सहवास दिवसा भरपूर मिळतोच. मधुमेहाने पाय बधिर झालेल्या व्यक्तीला पिल्लाचे दात लागलेले कळतही नाहीत; अशांनी रात्री पाय पांघरुणाबाहेर ठेवू नयेत आणि सकाळी तळवे पाहावेत. कुत्र्याला जखम चाटू देऊ नये. ‘त्याच्या लाळेने जखम भरते’ हे ऐकायला येते, त्यावर विश्वास ठेवू नये. झोपलेल्या कुत्र्याला अंधारात अचानक हात लावला, तर दचकून तेही दात लावते. दात लागून रक्त आले किंवा ओरखडा उठला, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावे आणि त्याच दिवशी रुग्णालयात दाखवावे. कुत्रे घरचे आहे, लस टोचलेली आहे, म्हणून हे टाळू नये. हळद, चुना, तिखट यांपैकी काहीही जखमेवर भरू नये.

जुन्या कुटुंबाकडून लसीकरणाचे कार्ड मागून घ्यावे. नसेल, तर पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन रेबीजची लस आणि जंताचे औषध पहिल्याच आठवड्यात द्यावे. तालुक्याच्या ठिकाणचे सरकारी डॉक्टर गाई-म्हशी-शेळ्यांतच अधिक गुंतलेले असतात, पण हे काम तेथे होते. गोचीड असतील, तर गुरांसाठी आणलेले औषध अंदाजाने कुत्र्याला लावू नये.

संध्याकाळ कशी गेली, यावरही रात्र अवलंबून असते. जेवण जुन्या घरी जे मिळत होते तेच पहिला आठवडा-दोन आठवडे द्यावे आणि झोपण्यापूर्वी तीन तास तरी आधी द्यावे. अन्न आणि घर दोन्ही एकदम बदलले, की पोट बिघडते आणि मग रात्री रडण्याला आणखी एक कारण मिळते. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट कुत्र्याला अपायकारक आहेत. आजोबांच्या हातून खाली पडलेली गोळी शोधल्याशिवाय दिवा मालवू नये. माणसाच्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्याला विषासमान ठरू शकतात, आणि ‘शांत झोपावी म्हणून’ आपली झोपेची अर्धी गोळी तिला देणे तर निव्वळ वेडेपणा होय. दिवेलागणीच्या आधी कोणीतरी तिला अर्धा तास फिरवून आणावे. झोपण्यापूर्वीची शेवटची फेरी मात्र स्वतःच्या आवारातच असावी. दिग्रससारख्या गावात रात्री गल्ली ही गल्लीतल्या कुत्र्यांची असते. पट्ट्याला बांधलेली लहान परकी कुत्री पाहून ती धावून आली, तर पट्टा धरणारा म्हातारा माणूस प्रथम पडेल. पावसाळ्यात आवारातही टॉर्चशिवाय पाऊल टाकू नये, साप-विंचवाचे दिवस असतात.

ऋतूचाही विचार करावा. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे रात्रीही भिंती तापलेल्या असतात. दाट केसांची पामेरियन अशा वेळी गोधडी सोडून मोरीजवळच्या गार फरशीवर जाते; तिला ओढून आणू नये. उलट तिची नवी जागा कोणती, हे आजोबांना निजण्यापूर्वी दाखवून ठेवावे. उकाडा होतो म्हणून तिचे केस मुळापासून भादरून टाकू नयेत, तिच्या त्वचेला ते केस उन्हापासूनही जपतात. विंचरून सुटे केस काढले म्हणजे पुरे. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत पिल्लाला ऊब लागते. गरम पाण्याची रबरी पिशवी जाड फडक्यात गुंडाळून अंथरुणाच्या एका कडेला ठेवावी, म्हणजे नको झाल्यास त्याला बाजूला सरकता येईल. दिवाळीच्या फटाक्यांत किंवा घरासमोर लग्नाचा मांडव असताना नवे कुत्रे आणू नये, आठ दिवस थांबावे.

पत्र लिहिणाऱ्या भगिनींची कुत्री वयाने मोठी आहे, त्यामुळे तिला रात्रभर लघवी धरता येईल. ज्यांच्याकडे पिल्लू आहे, त्यांनी आणखी एक हिशेब ठेवावा. पिल्लू जितक्या महिन्यांचे, त्यात एक मिळवला, तितके तास ते साधारणतः धरू शकते. म्हणजे दोन महिन्यांचे पिल्लू तीन तास. तेव्हा रात्री एकदा-दोनदा उठावेच लागेल. हे उठणे वृद्धावर सोपवू नये. आठ आठवड्यांच्या आत तर पिल्लू आईपासून तोडूच नये. पिल्लू रडते, खात नाही, उलट्या होतात, शौचातून रक्त जाते, अशी लक्षणे असतील, तर ते एकटेपणाचे रडणे नव्हे. तासभरही न दवडता डॉक्टरांकडे न्यावे.

चार-पाच रात्री शांत गेल्या, की गोधडी दर दोन-तीन दिवसांनी हातभर सरकवीत तिच्या कायमच्या जागेकडे न्यावी. ती जागा आजोबांच्या खोलीतच ठेवायची असेल, तर सरकवण्याची गरज नाही. दिवसा तिला थोडे थोडे एकटे राहण्याची सवय लावावी : दार लोटून एक मिनिट बाहेर थांबावे, ती रडू लागण्याआधी परत यावे, पुढे पाच मिनिटे, मग पंधरा. दिवसभर आजोबांना चिकटून राहणाऱ्या कुत्रीला ते दवाखान्यात भरती झाले, तर काय वाटेल, याची तयारी आताच केलेली बरी. सरकवलेल्या रात्री पुन्हा रडली, तर एक हात मागे यावे. कुत्री सांभाळणाऱ्यांचा एक ठोकताळा आहे : तीन दिवस बावरलेली, तीन आठवड्यांत घराचा क्रम कळलेली, तीन महिन्यांत घरची झालेली. हे शास्त्र नव्हे, पण उपयोगी पडते.

भगिनी, आपल्या स्वतःच्या झोपेविषयी पत्रात आपण एक शब्दही लिहिलेला नाही. सासऱ्यांचे औषधपाणी, घर आणि आता ही कुत्री, असे सारे एकट्या सुनेवर पडले, तर दोष कुत्रीला लागतो. या आठवड्यात रात्री उठण्याच्या पाळ्या घरात वाटून घ्या. एक रात्र आपण, एक रात्र आपले यजमान. शेजारच्यांनाही आधीच सांगून ठेवा, की आठ-दहा दिवस थोडा आवाज होईल. परत करण्याचा निर्णय रात्री घेऊ नका आणि तीन आठवड्यांच्या आत घेऊ नका. तीन आठवड्यांनंतरही सासऱ्यांची झोप किंवा पावले सुरक्षित वाटत नसतील, तर जुन्या कुटुंबाशी बोलून दुसरे घर शोधा. त्यात कमीपणा नाही. मात्र बसस्थानकावर किंवा गावाबाहेर सोडून येणे हा १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यानुसार गुन्हा आहे. आज रात्री सासऱ्यांची बाज भिंतीपासून हातभर पुढे ओढा आणि जुन्या घरच्यांना फोन करून तिची चादर पाठवायला सांगा.